टाकीतली विज्ञानकथा

मी विज्ञानकथा लिहिणार आहे, हे मी बोलून दाखवायला नको होतं. लिहायला हरकत नव्हती. बोलायला नको होतं. पण रविवारची दुपार, मेहुण्याच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजतंय, हातात वाइनचा पेला आणि समोर सासरची सगळी मंडळी. अशा वेळी माणूस जे बोलतो त्याला नंतर जबाबदार धरू नये, असा खरं तर कायदा हवा.

झालं होतं असं. आमच्या विया रोसेंदो गावच्या सोशल क्लबला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त कथास्पर्धा जाहीर झाली होती. तीन विभाग. प्रेमकथेच्या विभागात सगळं गाव लिहीत होतं, कारण प्रेमाचा अनुभव नसला तरी मत प्रत्येकाला असतं. ग्रामीण कथेच्या विभागात उरलेलं गाव लिहीत होतं, कारण प्रत्येकाच्या आजोबांकडे एक घोडा होता. विज्ञानकथेच्या विभागात मात्र चिटपाखरू नव्हतं. क्लबच्या अध्यक्षा इर्माबाई, म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी ही माहिती मला ब्रेडच्या दुकानात दिली आणि वर म्हणाल्या, "ओस्मार, तू लिही. तुला लिहायची सवय आहे."

सवय होती हे खरं. मी जमीन नोंदणी कचेरीत नोकरीला असलो तरी गाव मला ओळखतं ते पत्रलेखक म्हणून. आमच्या कोपऱ्यावरचा रस्त्याचा दिवा बंद आहे, या विषयावर माझी अनेक पत्रं स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली आहेत. त्यांपैकी एकात तर उपमासुद्धा होती.

"विज्ञानकथा?" मेहुणा नेल्सन हातातला चिमटा तसाच धरून म्हणाला. "भावोजी, तुम्हाला विज्ञानातलं काय कळतं? टोस्टर दुरुस्त करायला गेलात आणि अख्ख्या गल्लीचे दिवे घालवलेत."

"अर्ध्या गल्लीचे," मी म्हणालो.

"लिहू दे रे त्याला," माझी बायको झुल्मा म्हणाली. "निदान पत्रं तरी थांबतील."

बायकोचा पाठिंबा हा असा असतो. त्याच्याकडे नीट बघायचं नसतं.

तर लिहायला बसलो. कागद होता, पेन होतं, माते, म्हणजे आमचा नळीने ओढायचा कडवट चहा, त्याचा तुंबा होता, गरम पाण्याचा थर्मास होता. फक्त कल्पना नव्हती. माते ओढत मी कागदाकडे बघत राहिलो. थर्मास रिकामा झाला, कागद तसाच राहिला. झुल्मा येऊन म्हणाली, "काय लिहिलंस?" मी म्हणालो, "अजून मनात आहे." ती म्हणाली, "मग इथे जरा जागा करून दे, मला टेबल हवंय."

प्रेरणा नावाची गोष्ट घरात सापडत नाही असं दिसल्यावर मी ती बाहेर शोधायला लागलो आणि इथेच चुकलो. आमच्या गावात तुमच्याकडे एखादी गोष्ट नाही असं नुसतं कळायचा अवकाश, लोक ती तुम्हाला घरपोच आणून देतात. ब्रेडवाला म्हणाला, कधीच शिळ्या न होणाऱ्या पावावर लिही. आमचे कचेरीतले साहेब म्हणाले, परग्रहावरच्या जमिनीची नोंद कुठल्या कचेरीत करायची, हा मूलभूत प्रश्न आजवर कुणी हाताळलेला नाही. मला तो पटला. मी दोन पानं लिहिली. झुल्माने वाचली आणि विचारलं, "हे परिपत्रक घरी कशाला आणलंस?"

नेल्सनकडे तर अख्खं कथानक तयार होतं. "उडती तबकडी येते, गाय उचलून नेते. गाय परत येते, तर दुधाऐवजी पेट्रोल देते."

"पुढे?"

"पुढे काय, भावोजी? पेट्रोल देते!" माझ्यासारख्या मंद माणसाला आणखी काय समजवावं, अशा नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं.

मग मी आकाशाकडे वळलो. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसू लागलो. पहिल्या दिवशी डास चावले. दुसऱ्या दिवशी मात्र झाडाच्या पलीकडे एक निळसर पांढरा प्रकाश थरथरत उगवला, क्षणभर विझला आणि पुन्हा पेटला. माझ्या अंगावर काटा आला. मी भराभर लिहायला लागलो. पान भरत आलं तेव्हा झुल्मा वर आली आणि म्हणाली, "अरे वा, लावला वाटतं त्यांनी कोपऱ्यावरचा दिवा!" इतक्या पत्रांनंतर नगरपालिकेने दिवा दुरुस्त करायला नेमका तोच दिवस निवडला. मी कागद फाडला. नगरपालिकेचे आभार मानणारं पत्रही मला तेव्हा लिहवेना.

शेवटी मला दिशा दाखवली ती डॉन फेर्मीन यांनी. हे आमचे औषधवाले; 'डॉन' म्हणजे आमच्याकडे नावाआधी आदराने लावायचं 'राव'. लग्न केलेलं नाही, अंगाला कापराचा वास, बोलणं हळू आणि प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याला पटलं का हे बघायला थांबायची सवय. "मित्रा," ते म्हणाले, "अंतराळवीराचं मुख्य दुःख काय? एकटेपणा. आणि तू लिहायला कुठे बसतोस? स्वयंपाकघरात. तिथे तुला कांदा सुचेल, अंतराळ सुचणार नाही. काळोख शोध. बंदिस्त जागा शोध. पटतंय?"

पटलं. पण आमच्या घरात काळोखी, बंदिस्त जागा एकच, न्हाणीघर. तिथे मी एकदा बसलो आणि दोघांनी दार वाजवलं. घरात आम्ही दोघंच राहतो. झुल्माशिवाय दुसरा कोण होता हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मग मला टाकी आठवली.

टाकी म्हणजे आमच्या गच्चीवरची पाण्याची नवी टाकी. प्लॅस्टिकची, गोल, भली मोठी. ती अजून रिकामीच होती, कारण तिचा नळ शेजारच्या सामाईक भिंतीवरून जात होता आणि त्यासाठी नगरपालिकेच्या निरीक्षकाने येऊन बघायला हवं होतं. निरीक्षक आज येतो, उद्या येतो करत होता. तोवर प्लंबरने टाकीच्या तळाशी पाइप बसवून तो भिंतीवरून पलीकडे सोडून दिला होता, आणि त्याचं उघडं तोंड शेजारच्या ओफेलियाबाईंच्या अंगणात, त्यांच्या कपडे धुवायच्या दगडापाशी लोंबत होतं. ओफेलियाबाईंची हरकत नव्हती. त्या विधवा, एकट्या राहणाऱ्या, स्वभावाने सोशिक. त्यांचे यजमान एडिसन आमच्या रेडिओ केंद्रावर फुटबॉलचं समालोचन करायचे. गोल झाला की त्यांचा आवाज नदीपलीकडे अर्जेंटिनात ऐकू जायचा असं म्हणत. घरीही ते त्याच आवाजात मीठ मागायचे.

दुपारी जेवणानंतर सगळं गाव झोपतं. कुत्रीसुद्धा झोपतात. झुल्मा घोरायला लागल्यावर मी वही-पेन आणि विजेरी घेऊन गच्चीवर गेलो, स्टुलावर चढलो आणि टाकीच्या तोंडातून आत उतरलो. पोटापाशी थोडी ओढाताण झाली, पण गुरुत्वाकर्षण माझ्या बाजूने होतं. आत जाऊन मी वरचं झाकण ओढून घेतलं, संपूर्ण काळोख व्हावा म्हणून. झाकण खटकन बसलं. आवाज मोठा समाधानकारक होता. त्या झाकणाची कडी फक्त बाहेरून उघडते, हे प्लंबरने मला सांगितलं होतं. पण त्या वेळी मी दिव्याबद्दलच्या पत्राचा विचार करत होतो.

आत बसलो. आणि काय सांगू, प्रेरणा आली! खरोखर आली. नव्या प्लॅस्टिकचा वास, गरम, गुदमरलेला काळोख, आणि स्वतःच्याच श्वासाचा आवाज दहा माणसांनी घेतल्यासारखा घुमणारा. मी अंतराळात होतो. पहिलं वाक्य आपोआप ओठांवर आलं आणि ते कसं वाटतं हे बघायला मी मोठ्याने म्हणालो, "मी बोलतोय. फार दुरून बोलतोय. इथे काळोख आहे. मला तुमची आठवण येते."

खाली कुठेतरी बादली पडल्याचा आवाज आला.

मग पाइपमधून, अगदी माझ्या पायाशी, एक कापरा आवाज आला. "एडिसन?"

मी गोठलो. टाकीतल्या त्या उकाड्यातही गोठलो.

"एडिसन, तू आहेस?"

आता सज्जन माणसाने ताबडतोब सांगायचं, ओफेलियाबाई, मी शेजारचा ओस्मार, टाकीत बसलोय. मी सांगणारच होतो. फक्त वाक्याची जुळवाजुळव करत होतो. 'टाकीत बसलोय' हे शब्द नोंदणी कचेरीतल्या माणसाच्या तोंडी कसे शोभतील, एवढाच विचार करत होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुझी कबुतरं उडून गेली नव्हती रे. मीच खुराड्याचं दार उघडलं."

झालं. आता कसं सांगणार? बाईमाणसाने मेलेल्या नवऱ्यापाशी मन मोकळं केलंय आणि मी मध्येच म्हणू, की मी ओस्मार बेरुती, कबुतरांचं ऐकलं, वाईट वाटलं?

मी गप्प राहिलो. त्याचा अर्थ त्यांनी नवरा रागावला असा घेतला असावा, कारण त्या घाईघाईने पुढे बोलू लागल्या. तू ज्या रश्श्याची जन्मभर तारीफ केलीस तो कोपऱ्यावरच्या इटालियन बाईकडून यायचा. तुझ्या समालोचनाच्या कॅसेटवर मी स्वयंपाकाचे कार्यक्रम टेप केले. अंतिम सामन्याच्या कॅसेटवर कॅरमल पुडिंग आहे. "पण एक गोल ठेवलाय," त्या म्हणाल्या. "पुडिंगच्या नंतर. तो मी कधीकधी ऐकते."

विजेरी मी केव्हाच विझवली होती. झाकण आतून ढकलून बघितलं आणि मगच मला कडीची ती गोष्ट आठवली. म्हणजे ओरडल्याशिवाय सुटका नव्हती, आणि ओरडलो तर ते पहिल्यांदा ओफेलियाबाईंना ऐकू जाणार. मी मांडी घालून बसलो. घाम डोळ्यांत उतरत होता. खाली त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग थर्मासमधून पाणी ओतल्याचा. बाई माते घेऊन बसल्या होत्या. निवांत.

"आता खरं ते सांगते," त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या. "फेर्मीन विचारतोय. औषधवाला. क्लबात रविवारी नाच असतो, तिथे चला म्हणतो. नुसता नाच हं. मी त्याला काही उत्तर दिलेलं नाही."

मी श्वास रोखला.

"कापराचा वास येतो त्याला, मान्य आहे. पण तो नासपती कापतो ना, तेव्हा मोठी फोड मला देतो. आणि मी बोलत असले की थांबतो. मला सवयच नाही त्याची. कोणी थांबलं की पुढे काय बोलायचं तेच सुचत नाही." त्यांचा आवाज खाली आला. "तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही, एडिसन. तू नाही म्हणशील का?"

मी आयुष्यात पुष्कळ कागदांवर सह्या केल्या आहेत. घरं, शेतं, एकदा तर एक अख्खं बेट मी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर केलं आहे. पण तिथे काय लिहायचं ते आधीच छापलेलं असायचं. काय हक्क होता मला? दुसऱ्याच्या नवऱ्याच्या वतीने, तेही मेलेल्या, मी काय बोलणार? गप्प बसावं, तर ती बाई ते 'नाही' समजणार आणि उरलेले सगळे रविवार त्या दगडापाशी बसून काढणार.

मी पाइपच्या तोंडाशी वाकलो आणि जमेल तेवढ्या भरड्या आवाजात म्हणालो, "जा."

"काय?"

"जा. नाच."

 खाली नाक ओढल्याचा आवाज. "आणि माझा गुडघा?"

"फेर्मीनकडे मलम आहे," मी म्हणालो. परलोकातून एवढी बारीक माहिती येणं बरं नव्हे हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तूही नीट राहा तिकडे. घशाला जप."

"हो," मी म्हणालो. 

थोड्या वेळाने त्यांचं दार लागलं, कुलूप फिरलं, रस्त्यावर चपला वाजल्या. त्या औषधाच्या दुकानाकडे निघाल्या होत्या. मी सुटकेचा निःश्वास टाकून ओरडायला तोंड उघडलं, तोच गच्चीवर पावलं वाजली.

नगरपालिकेचा निरीक्षक आला होता. इतके आठवडे न येता नेमका आजच.

"टाकी रिकामी आहे ना?" तो विचारत होता. "नियमाप्रमाणे तपासणी रिकाम्या टाकीची होते."

"रिकामीच आहे," झोपेतून उठून आलेली झुल्मा म्हणाली.

"नाहीये!" मी आतून ओरडलो.

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग निरीक्षक म्हणाला, "असं असेल तर मला पुन्हा यावं लागेल."

झुल्माने झाकण उघडलं. तिचा चेहरा वरून, गोल आकाशाच्या मधोमध, एखाद्या संतापलेल्या ग्रहासारखा दिसला. "ओस्मार," ती म्हणाली. नुसतं एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली की नावातच सगळं येतं.

बाहेर यायला गेलो तर पोट अडकलं. आत जाताना साथ देणारं गुरुत्वाकर्षण आता उलटलं होतं. झुल्माने एक हात ओढला, निरीक्षकाने हे आपल्या कामात बसत नाही असं सांगत दुसरा ओढला. नेल्सनला बोलावलं. त्याने साबण लावायचा सल्ला दिला आणि साबण आणायला गेला तो अर्धी गल्ली घेऊन आला. शेवटी अग्निशमन दलाची गाडी आली. कोवळ्या वयाच्या एका जवानाने मला अदबीने विचारलं, "साहेब, आपण आत कसे गेलात?" मी म्हणालो, "साहित्याच्या कामासाठी." त्याने करवत मागवली.

टाकी कापली गेली. नवी कोरी टाकी. मला दोन बाजूंनी धरून शिडीवरून खाली आणलं तेव्हा मी घामाने आणि साबणाने निथळत होतो, आणि रस्त्यावर उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते. त्या गर्दीत, औषधाच्या दुकानातून परत आलेल्या ओफेलियाबाई होत्या. शेजारी डॉन फेर्मीन. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग वर, कापलेल्या टाकीकडे. मग भिंतीवरून आपल्या अंगणात उतरलेल्या पाइपकडे. मी माझ्या बुटांचे बंद बांधायला वाकलो. मी चपला घातल्या होत्या.

"एवढा वेळ आत होतास," झुल्माने रात्रीच्या जेवणाला विचारलं, "तर आधीच का नाही ओरडलास?"

"विचार करत होतो," मी म्हणालो.

"कसला?"

"कथेचा."

तिने माझ्या वाडग्यात सूप वाढलं आणि पुढे काही विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा. बाकी गावाने मात्र काही शिल्लक ठेवलं नाही. खाटीक विचारायचा, "आज कुठल्या ग्रहावरून?" कचेरीत साहेब मला दार उघडं ठेवून बसायला सांगायचे. नेल्सनने तर पेट्रोलची गाय सोडून दिली आणि माझीच गोष्ट सांगत फिरू लागला. दर खेपेला माझं पोट आणखी मोठं व्हायचं.

आणि माझ्याकडे खरी गोष्ट होती! काळोखात बसलेला माणूस, दुसऱ्या जगातून येणारा आवाज, उत्तराची वाट बघणारी एक बाई. इतकी चांगली कथा मला पुन्हा सुचणार नव्हती. लिहायला बसलो की पेन आपोआप तिकडेच वळायचं. पण ती लिहिली असती तर क्लबात वाचली गेली असती, आणि मग ओफेलियाबाईंना रस्त्याने चालणं कठीण झालं असतं. म्हणून मी यंत्रमानवावर लिहिली. यंत्रमानव येतो, माणसासारखं प्रेम करायला शिकतो, आणि त्याची बॅटरी संपते. लिहितानाच मला झोप येत होती.

बक्षीस समारंभाला मी टाय बांधून गेलो. विज्ञानकथेच्या विभागात प्रवेशिका फक्त माझीच होती, त्यामुळे निकाल उघडच होता. इर्माबाई उठल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या की परीक्षकांच्या एकमताने या विभागात पहिलं बक्षीस कोणालाच दिलेलं नाही. "लेखकाने परिश्रम केले आहेत, ते आपण सर्वांनी बघितले," त्या म्हणाल्या. सभागृह हसलं. "पण कल्पनाशक्ती कमी पडते. ओस्मार, बाळा, जरा आजूबाजूच्या माणसांचं ऐकत जा. तिथेच सगळं असतं."

मी उभा राहून आभार मानले. दुसरं काय करणार?

मग खुर्च्या भिंतीला लावल्या गेल्या आणि संगीत सुरू झालं. ओफेलियाबाई आणि डॉन फेर्मीन सगळ्यांत आधी उठले. फेर्मीन नाचायचे तेही बोलायचे तसेच: एक पाऊल टाकून, पटलं का हे बघायला थांबत. बाईंचा गुडघा त्यामुळे बचावला. त्या हसत होत्या. त्यांना असं हसताना मी शेजारी असूनही कधी बघितलं नव्हतं.

झुल्मा सँडविच आणायला गेली आणि मी एकटा बसलो होतो, तेव्हा ओफेलियाबाई धापा टाकत माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकल्या.

"तुमची कथा मला आवडली नाही, डॉन ओस्मार," त्या म्हणाल्या.

"कोणालाच नाही आवडली, बाई."

"त्या टाकीतल्या दुपारबद्दल का नाही लिहिलंत?"

"काय लिहिणार?" मी पेल्यात बघत म्हणालो. "टाकीत काहीच घडलं नाही."

 त्या माझ्या हातावर हात ठेवून उठल्या. "माझा एडिसन चांगला होता," त्या म्हणाल्या. "पण त्याने उभ्या जन्मात माझं बोलणं इतका वेळ ऐकून घेतलं नसतं."

आणि त्या परत नाचायला गेल्या.

झुल्मा सँडविच घेऊन आली. "काय म्हणत होत्या?"

"कथा वाईट आहे म्हणाल्या."

"शहाण्या आहेत," झुल्मा म्हणाली, आणि मला ओढत नाचायला घेऊन गेली.